पिठाचा ड्रॉवर ओकचाच का?

अमेरिकेतल्या भाचीने विचारलंय, "मावशी, फॅक्टरीत बनलेल्या किचन कॅबिनेटला एवढे पैसे मोजण्यासारखं त्यात असतं तरी काय गं?" फोनवर आटपण्याजोगं उत्तर नाही, म्हणून इथेच लिहितेय. पुण्या-मुंबईच्या मंडळींनाही चालेल.

सुरुवात तिच्याच देशापासून करते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंडियाना राज्यात 'हूझियर' नावाचं कपाट बनू लागलं. तोवर तिथल्या साध्या घरांत भिंतीला जोडलेली कपाटं नसत. एक टेबल, चार फळ्या आणि लांब कुठेतरी कोठीची खोली. हूझियरमध्ये सगळं एका जागी आलं: खाली चाळणी लावलेला पिठाचा डबा, पाव ठेवायला पत्रा लावलेला ड्रॉवर, मसाल्याच्या बाटल्यांच्या जागा आणि पुढे ओढून घेता येईल असा कामाचा पृष्ठभाग. हप्त्याने मिळायचं, त्यामुळे घरोघरी गेलं. यातल्या एकेका कप्प्याचं काम आधी ठरलेलं होतं, हे लक्षात ठेवा.

आता जर्मनी. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफुर्टमध्ये घरांची टंचाई होती. शहराचे वास्तुरचनाकार एर्न्स्ट माय यांनी कामगारांसाठी वसाहती बांधायला घेतल्या आणि त्यांचं स्वयंपाकघर १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या तरुण बाईंनी आखलं. साधारण १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. असली सुमारे १०,००० किचन्स बसवली गेली. (गंमत म्हणजे, तेव्हा आपल्याला स्वयंपाकाचा काही अनुभव नव्हता, असं बाईंनीच पुढे सांगून टाकलं.)

मला या किचनमधलं सगळ्यात काय आवडतं सांगू? लाकूड. पिठाचे ड्रॉवर ओकचे, कारण ओकमुळे पिठात किडे होत नाहीत असा अनुभव. कामाचा पृष्ठभाग बीचचा, कारण त्यावर डाग आणि सुरीचे चरे कमी पडतात. तांदूळ-साखरेला अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण, ओतायला चोच असलेले. रंग निळसर, कारण माश्या त्यावर बसत नाहीत अशी तेव्हा समजूत होती. घरं स्वस्तातली, भाडेकरू कामगार, तरी आतल्या प्रत्येक वस्तूला कारण होतं.

पण खोटही होती. खणांवर नावं आधीच घातलेली. तुमच्या घरी दुसरंच काही लागत असेल तर? शिवाय ते एवढे खाली की पोरांचा हात सहज पोचायचा. आणि जागा एकाच बाईपुरती. सासू, सून, मुलगी मिळून भाकऱ्या करतायत असं चित्र तिथे बसतच नाही. पावलं वाचली खरी, पण ती बाई एकटीही पडली. पुढे बऱ्याच घरांतून ही किचन्स उखडून फेकली गेली आणि आता त्यातलंच एक न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे! असो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत लाकडाचा भुसा-चिपट्या डिंकाने दाबून पार्टिकल बोर्ड निघू लागला आणि फॅक्टरीच्या कपाटाचं आतलं शरीरच बदललं. आता ओक आणि बीच यांतली निवड उरली नाही, उरला फक्त बाहेरचा मुखवटा. दुकानातला माणूस दरवाजांची चकाकी दाखवतो ती त्यामुळेच. पार्टिकल बोर्ड वाईटच असं मी म्हणणार नाही. कोरड्या जागी, कडा नीट बंद केलेल्या असतील तर वर्षानुवर्षं टिकतो. पाणी मात्र त्याला सोसत नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये एका नव्या किचनची सिंकखालची फळी दुसऱ्या पावसाळ्यात पावासारखी फुगली. दरवाजे अजून आरशासारखे चमकतायत.

उलट एक गोष्ट फॅक्टरीने सुताराहून चांगली दिली, ती म्हणजे ठरलेलं माप. युरोपियन पद्धतीच्या कपाटात आतल्या भोकांमधलं अंतर ३२ मिलिमीटर, बिजागरीच्या वाटीचं भोक ३५ मिलिमीटर. दहा वर्षांनी बिजागरी मोडली तर दुसऱ्या कंपनीचीही बहुधा बसते. पैसे द्यायचे ते याचे.

तेव्हा दुकानात गेलीस की दरवाजा उघडून आत बघ. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढ, त्याचे कोपरे खाचांत बसवलेत की नुसत्या पिना मारल्यात ते पाहा. सामानाने भरल्यावर तो खाली झुकेल का, ते हाताने दाबून बघ. मागची फळी पुठ्ठ्यासारखी तर नाही ना? पाइपसाठी पाडलेल्या भोकाच्या कडा उघड्याच सोडतात बरं का, त्या बंद करून मागायच्या. इकडच्यांनी सिंकखाली तरी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय लावून घ्यावं. थोडं महाग पडेल, पडू दे.

आणि पिठाचा डबा कुठे ठेवणार आहेस, ते आधी ठरव. मापं त्यानंतर दे.