प्रत्येक ड्रॉपडाउनला शोधपेटी कशाला?

वेब ॲप्लिकेशन बनवणाऱ्यांमध्ये एक मत अनेकदा ऐकू येते. ब्राउझरचा मूळ सिलेक्ट जुनाट झाला; तेव्हा चोझन, सिलेक्ट२ किंवा टॉम सिलेक्ट यांपैकी एक लायब्ररी फ्रेमवर्कमध्ये जोडावी आणि एका ओळीत साइटवरचे सगळे ड्रॉपडाउन बदलून टाकावेत. या पक्षाची कारणे तीन: मूळ सिलेक्टला मनाजोगते रूप देता येत नाही, त्यात शोधता येत नाही, आणि लांबलचक यादी त्याला पेलत नाही. तिन्हींत तथ्य आहे. तरीही त्यांतून ‘सगळे बदला’ हा निष्कर्ष निघत नाही.

आधी रूप. सिलेक्ट १९९५च्या एचटीएमएल २.० मध्येही होता आणि त्याची उघडलेली यादी सजवण्याची मुभा सीएसएसला फार काळ नव्हती. म्हणून २०११ मध्ये चोझन आणि पाठोपाठ सिलेक्ट२ आले. रीत एकच: मूळ घटक लपवायचा आणि त्याच्या जागी हवी तशी सजवता येणारी नक्कल उभी करायची. पण मूळ सिलेक्ट बाणांच्या कळांनी चालतो, स्क्रीन रीडरला स्वतःची ओळख देतो, मोबाइलवर फोनची स्वतःची निवडयादी उघडतो. हे सगळे नक्कल करणाऱ्याने पुन्हा लिहायचे, आणि त्यासाठीची एरिया (ARIA) या सुगम्यता-मानकातली कॉम्बोबॉक्स-रचना १.० पासून १.२ पर्यंत बदलत गेलेली. चोझनने तर आयफोनवर आणि अँड्रॉइड फोनवर स्वतःला बंदच ठेवले. तिथे मूळ सिलेक्टच दिसतो. पूर्वपक्षाच्या घरातूनच आलेली ही साक्ष आहे. शिवाय २०२५ मध्ये क्रोमच्या १३५व्या आवृत्तीपासून मूळ सिलेक्टची यादीही सीएसएसने सजवता येते. ज्या ब्राउझरला ही सोय कळत नाही तो साधा सिलेक्ट दाखवतो आणि फॉर्म चालू राहतो. केवळ रूपासाठी लायब्ररी आणण्याचे कारण त्यामुळे दिवसेंदिवस लंगडे होत आहे.

‘एका ओळीत’ हा दावाही तपासून घ्यावा. सिलेक्ट२ बदलाची वर्दी जेक्वेरीमार्फत देतो. साध्या जावास्क्रिप्टने लावलेल्या इव्हेंट लिसनरला ती ऐकूच येत नाही. रेल्समध्ये टर्बो पूर्ण पान पुन्हा लोड न करता मजकूर बदलतो, तेव्हा विजेट पुन्हा जोडावा लागतो. बूटस्ट्रॅपच्या मोडलमध्ये शोधपेटीत टाइपच करता येत नाही, कारण मोडल फोकस बाहेर जाऊ देत नाही. प्रत्येकावर उपाय आहे, पण प्रत्येक उपाय ही आणखी एक ओळ आहे.

शोधाचे कारण अधिक वजनदार. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांची यादी घ्या. सिलेक्ट२ची मूळची जुळणी लॅटिन अक्षरांवरची चिन्हे काढून तुलना करते. देवनागरीच्या ऱ्हस्व-दीर्घाला ती सवलत नाही. ‘कोल्हापुर’ टाइप केले की ‘कोल्हापूर’ सापडत नाही. ‘औरंगाबाद’ टाइप करणाऱ्याला ‘छत्रपती संभाजीनगर’ दिसत नाही, रोमन लिपीत टाइप करणाऱ्याला काहीच दिसत नाही. मूळ सिलेक्टची टाइप करून उडी मारण्याची सोयही इथे फसते, पण तो यादी लपवत नाही; ३६ नावे डोळ्यांसमोर राहतात. जुळणीचे स्वतःचे फंक्शन लिहिता येते, हे खरे. मग ते लिहिणे हेच खरे काम ठरते, शोधपेटी लावणे नव्हे.

उरले तिसरे कारण, आणि ते मान्यच केले पाहिजे. जँगोच्या ॲडमिनमध्ये फॉरेन कीसाठी साधा सिलेक्ट येतो. संबंधित टेबलात लाखभर ग्राहक असतील तर लाखभर ऑप्शन पानावर उतरतात. २०१७च्या जँगो २.० ने यावर ऑटोकम्प्लीट फील्ड्सची सोय दिली, तीही सिलेक्ट२ वापरून. पण ती कशी दिली हे पाहण्यासारखे आहे. सोय सरसकट नाही. जी फील्ड्स नावानिशी सांगाल त्यांनाच ती लागते. संबंधित मॉडेलच्या ॲडमिनमध्ये शोधायचे रकाने जाहीर केले नसतील तर जँगो चूक दाखवतो. निकाल सर्व्हरवरून एका वेळी २० येतात. म्हणजे लांब यादीचे ओझे सर्व्हरवरच्या क्वेरीने उतरवले; विजेट तिचा दर्शनी भाग. मधल्या अक्षरांवरून शोध केला तर साधा बी-ट्री इंडेक्स कामी येत नाही आणि प्रत्येक शोधाला अख्खे टेबल चाळले जाते; पोस्टग्रेसमध्ये तिथे ट्रायग्राम इंडेक्स लागतो. जिल्ह्यांची जुनी नावे आणि रोमन रूपे यांचाही रकाना सर्व्हरवरच्या या शोधातच ठेवता येतो.

तेव्हा सिद्धान्त असा: ड्रॉपडाउन बदलायचा की नाही, हे त्या एका फील्डच्या डेटावरून ठरवावे. यादी नजरेत मावत असेल तर मूळ सिलेक्ट ठेवावा. पर्याय चार-पाचच असतील तर रेडिओ बटणे त्याहून बरी. यादी हजारांत गेली तर सर्व्हरवरचा शोध आधी बांधावा, आणि लायब्ररी त्याच फील्डपुरती आणावी. हा क्रम उलटा केला की शोधपेटी दिसते, पण शोधलेले सापडत नाही.