तलवारीवरचा नंबर

महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे हे घरोघरी फौजी असलेलं गाव म्हणून ओळखलं जातं. महाड-पोलादपूरकडची पोरं पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेली. तरी जपानशी युद्ध म्हटलं की आपल्याला आठवतं पर्ल हार्बर! मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन जपान्यांना अडवत होती, हे आपल्या गावीही नसतं.

त्या युद्धाची लोकप्रिय आठवण म्हणजे जपानी तलवार. १९४५ च्या शरणागतीत जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी सर्वांसमक्ष उतरवून द्याव्यात, असा माउंटबॅटनचा आग्रह होता. अशा कित्येक तलवारी मग जगभर घराघरांत पोचल्या. आपल्याला वाटतं, प्रत्येक तलवार सामुराईची, वडिलोपार्जित. पण हवालदार दर्जाच्या जपान्यांसाठी १९३५ साली आलेली 'टाइप ९५' चक्क कारखान्यातली होती. पातं मशीनवर केलेलं, मूठ धातूची ओतीव, वर दोरी गुंडाळल्यासारखी नक्षी आणि पात्यावर सिरियल नंबर. शुद्ध मास प्रॉडक्शन!

म्हणजे हरलेल्याच्या हत्याराचा नंबर संग्राहक आज भिंग लावून वाचतात. आणि जिंकलेल्या आपल्या शिपायाचा? नंबर त्यालाही होता. पणजोबांच्या ट्रंकेत डिस्चार्जचे कागद असतील, तर त्यावर तो सापडेल, पलटणीच्या नावासकट. त्यावरून त्यांचं युद्ध शोधता येतं. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की ट्रंक उघडाच. वाळवी आपल्यासाठी थांबत नाही, राव.