रामप्रकाश ते राजमंदिर

मिर्झा राजे जयसिंग हे नाव मराठी माणसाला शाळेतच भेटते. जून १६६५ मधील पुरंदरचा तह, त्यात गेलेले तेवीस किल्ले, पुढील वर्षीची आग्र्याची भेट आणि तेथे मिर्झा राजांचे पुत्र रामसिंग यांच्यावर येऊन पडलेली जबाबदारी, एवढा परिचय झाला की हे घराणे आपल्या इतिहासातून निघून जाते. नोकरीच्या निमित्ताने जयपुरास आलेल्या मराठी माणसाला मात्र ते पुन्हा भेटते, आणि तेही निराळ्या वेषात. आमेरच्या किल्ल्यातील शीशमहाल याच मिर्झा राजांच्या काळचा. भिंतींत आणि छतात बसविलेल्या आरशांच्या बारीक तुकड्यांवर एका दिव्याचा प्रकाश पडला की शेकडो ज्योती उजळल्याचा भास होतो. अंधारी खोली, एकच दिवा आणि त्यातून उभे राहिलेले आभासाचे जग! चित्रपटाची मूळ कल्पना याहून फार वेगळी नाही. फरक इतकाच, की शीशमहालातील तो खेळ राजाच्या डोळ्यांसाठी होता. पुढे तो पैसे मोजणाऱ्या कोणाही माणसासाठी कसा झाला, याचा जयपुरापुरता मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

या कथेतील पहिला महत्त्वाचा पुरुष म्हणजे महाराजा सवाई रामसिंग दुसरे. १८३५ ते १८८० हा त्यांच्या कारकिर्दीचा काळ. महाराजा कॉलेजची स्थापना १८४४ मधील, म्हणजे त्यांच्या बालपणीची. कलाशाळा १८५७ ची. पण या राजाचे खरे वेड छायाचित्रणाचे होते. काचेच्या पट्टीवर रसायनाचा ओला लेप द्यावयाचा, तो वाळण्यापूर्वी चित्र टिपावयाचे आणि लगेच धुवावयाचे, असा तो काळ. संस्थानिकाने छायाचित्रकार पदरी ठेवणे समजू शकते. येथे संस्थानिक स्वतःच कॅमेऱ्यामागे उभा राही. जनानखान्यातील स्त्रियांचीही छायाचित्रे त्यांनी घेतली, आणि त्यांच्या संग्रहातील काचा जयपूरच्या राजवाड्यात पुढेही जतन झाल्या.

याच रामसिंगांनी १८७८ च्या सुमारास शहरात ‘रामप्रकाश’ हे नाटकघर बांधविले आणि मुंबईच्या पारशी नाटकमंडळ्यांचे खेळ तेथे करविले. पारशी रंगभूमीचे महत्त्व आपण मराठी वाचक कधीकधी विसरतो, कारण आपल्या डोळ्यांपुढे किर्लोस्करांची संगीत परंपरा असते. परंतु रंगविलेले भव्य पडदे, यंत्राच्या साहाय्याने घडविलेले चमत्कार, मधूनमधून येणारी गाणी आणि हिंदुस्थानी बोलीतील टाळ्या घेणारी भाषणे हे सारे उत्तरेतील प्रेक्षकाच्या अंगवळणी पाडले ते या मंडळ्यांनी. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली, तेव्हा या देशातील प्रेक्षक पडद्यासमोर बसावयास आधीच शिकलेला होता. १४ मार्च १९३१ रोजी आलेला पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’ हाही एका पारशी नाटकावरच आधारलेला होता. जयपुरातील रामप्रकाश नाटकघराचे कालांतराने चित्रगृह झाले, यात म्हणूनच नवल वाटण्याचे कारण नाही. वास्तू तीच राहिली. नटांच्या जागी त्यांच्या सावल्या आल्या.

येथे दादासाहेब फाळके यांचे स्मरण होते. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु फाळके हे काही काळ पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार होते, म्हणजे आपल्यासारखेच सरकारी नोकर होते, ही गोष्ट आपण सरकारी नोकरांनी तरी विसरू नये! छायाचित्रणात रमलेला राजा आणि छायाचित्रणात रमलेला सरकारी नोकर यांपैकी हिंदी चित्रपटाचा पाया घातला तो नोकराने. राजाच्या छायाचित्रांना पाहणारे थोडे होते. फाळक्यांच्या चित्राला तिकीट काढणारा कोणीही चालत होता. कलेचा आश्रयदाता बदलला, तो हा असा.

जयपुरात हा बदल ठळकपणे दिसू लागला तो स्वातंत्र्यानंतर. १९४७ च्या जानेवारीत राजपुताना विद्यापीठ स्थापन झाले. १९५६ पासून ते राजस्थान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. ३० मार्च १९४९ रोजी राजस्थान राज्य अस्तित्वात आले आणि जयपूर त्याची राजधानी झाली. संस्थानी शहरात एकाएकी दोन नवे वर्ग आले: बाहेरगावाहून शिकावयास आलेले विद्यार्थी आणि बदलीच्या हुकमाने आलेले नोकरदार. दोघांचेही या गावात घराणे नव्हते, वाडा नव्हता, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार नव्हता. ज्याला गावात कोणाच्या घरी जाता येत नाही त्याला चित्रगृहात जाता येते. तेथे नाव, जात, गाव विचारीत नाहीत, तिकीट विचारतात.

अर्थात ही समानता पुरतेपणी खरी नव्हती. पिट, मधली रांग आणि बाल्कनी अशी उतरंड तेथेही होतीच, आणि पिटातला प्रेक्षक बाल्कनीत बसू शकत नसे. तरी दिवे मालवले की पडदा सर्वांस एकच दिसे. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाल्यानंतर मुख्य चित्रपटापूर्वी तिचे वार्तापट आणि माहितीपट दाखविणे चित्रगृहांना बंधनकारक असे. धरणे, कालवे, पूर, परदेशी पाहुण्यांचे स्वागत हे सारे पाहून झाल्यावाचून नायिकेचे दर्शन होत नसे. दिवसभर कचेरीत सरकारी कागद पाहून संध्याकाळी पुन्हा पडद्यावर सरकारच पाहणाऱ्या कारकुनाची मनःस्थिती वाचकांनी ताडावी! तथापि गावागावांतील लाखो माणसांनी आपला देश प्रथम डोळ्यांनी पाहिला तो याच दहा मिनिटांत, हेही मान्य केले पाहिजे.

आता पुन्हा शीशमहालाकडे वळू. के. आसिफ यांनी ‘मुघल-ए-आझम’साठी मुंबईच्या मोहन स्टुडिओत आरशांचा महाल उभारला, त्याची प्रेरणा आमेरची होती. तो उभारण्यास सुमारे दोन वर्षे लागली. हजारो आरशांवर दिवे टाकले की त्यांचे प्रतिबिंब थेट कॅमेऱ्याच्या भिंगात शिरे आणि चित्र बिघडे, छायालेखक आर. डी. माथुर यांनी प्रकाश परावर्तित करून ही अडचण सोडविली. ज्या गुणासाठी मिर्झा राजांच्या कारागिरांनी आरसे बसविले तोच गुण कॅमेऱ्याला शत्रू ठरला, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. ५ ऑगस्ट १९६० रोजी हा चित्रपट मुंबईच्या ‘मराठा मंदिर’ चित्रगृहात लागला. तिकिटांसाठी लोक घरून डबे मागवून रांगेत दिवसच्या दिवस उभे होते. मिर्झा राजांचा महाल ‘मराठा मंदिरा’त पाहावयास ही गर्दी! इतिहासाला विनोदबुद्धी असते, असे म्हणावेसे वाटते.

मुंबईने घेतलेल्या या ऋणाची परतफेडही झाली. १९६६ मध्ये जयपुरात एका नव्या चित्रगृहाची कोनशिला तत्कालीन मुख्यमंत्री मोहनलाल सुखाडिया यांच्या हस्ते बसविण्यात आली. मालक मेहताबचंद्र गोलछा. आणि वास्तुशिल्पी वा. मो. नामजोशी, म्हणजे आपलेच मराठी माणूस. मुंबईच्या लिबर्टी चित्रगृहाच्या अंतर्गत सजावटीतही त्यांचा वाटा होता. जयपूरचे काम तब्बल दहा वर्षे चालले. १ जून १९७६ रोजी मुख्यमंत्री हरिदेव जोशी यांच्या हस्ते ‘राजमंदिर’चे उद्‌घाटन झाले आणि रामानंद सागर यांचा ‘चरस’ हा तेथील पहिला चित्रपट ठरला.

राजमंदिर ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बाहेरून पाहता ते लोण्याच्या लाटा गोठल्यासारखे दिसते. सरळ रेषा शोधावी लागते. आत प्रशस्त दालन, झुंबरे आणि अर्धचंद्राकार जिना. प्रेक्षागृहात सुमारे तेराशे आसने, आणि लाटांसारख्या भिंतींतून झिरपणारा रंगीत प्रकाश. आसनांच्या वर्गांना पर्ल, रूबी, एमरल्ड आणि डायमंड अशी रत्नांची नावे आहेत. जोहरी बाजाराच्या गावाला हे साजेसेच. नावातला ‘राज’ आणि नावातले ‘मंदिर’ हे दोन्ही शब्द नामजोशींनी दगडविटांत उतरविले आहेत. परंतु येथील राजा प्रेक्षक आहे. शहरात पाहुणा आला की हवामहाल आणि आमेर दाखविल्यावर त्याला राजमंदिरात नेण्याची रीत जयपुरी घरांत आहे. पुष्कळदा कोणता चित्रपट लागला आहे, याची चौकशीही कोणी करीत नाही. सर्वसामान्य माणसाला तीन तास राजवाड्यात बसता यावे, ही कल्पनाच मूळ चित्रपटाहून मोठी ठरली.

चित्रपट एकत्र पाहण्याची याहून साधी, पण तितकीच मोलाची दुसरी एक परंपरा आहे. विद्यापीठाचे गाव म्हटले की मराठी वाचकाला पुणे आठवते, आणि या परंपरेचे मोठे केंद्र पुणेच आहे. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आदींनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. १९५९ मध्ये अशा संस्थांचा महासंघ झाला. प्रभात कंपनीच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आले, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर व सतीश बहादूर यांच्यासारख्यांनी चित्रपट कसा पाहावा याचे शिक्षण देण्याची प्रथा पाडली. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ निघाले. या मंडळ्यांना राजमंदिर लागत नसे. कॉलेजातील एखादी खोली, खिडक्यांना काळे कापड, भिंतीवर चादर आणि १६ मि.मी.चा प्रोजेक्टर एवढ्यावर काम भागे. १६०० फुटांचे एक रीळ सुमारे ४४ मिनिटे चाले. ते बदलेपर्यंत दिवे लागत आणि त्या पाच मिनिटांत वाद सुरू होई. खेळ संपल्यावर तो वाद चहाच्या टपरीपर्यंत जाई. एका प्रकारच्या पडद्याने माणसाला विसरावयास शिकविले, दुसऱ्याने विचार करावयास. शहराला दोन्ही हवेत.

जयपुरातही हे दोन्ही प्रवाह आज दिसतात. चार्ल्स कोरिया यांनी जुन्या शहराच्या नऊ चौकांचा आराखडा डोळ्यांपुढे ठेवून रचलेले जवाहर कला केंद्र नाटक, प्रदर्शने आणि चित्रपट यांना आसरा देते. आणि २००९ पासून शहरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. राजमंदिर अजून उभे आहे आणि तेथे एकच पडदा आहे. मात्र अनेक जुनी एकपडदा चित्रगृहे देशभर बंद पडली, जयपूरही त्याला अपवाद नाही. चित्रपट आता हातातील फोनवर, एकट्याने, मध्येच थांबवून पाहता येतो. सोय मोठी आहे. पण एकट्याने पाहताना शेजारचा अनोळखी माणूस हसत नाही, आणि तो हसला नाही की आपल्यालाही आपण या गावचे झालो असे वाटत नाही.

यापुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आमेरच्या शीशमहालाचा कर्ता आपल्याला माहीत आहे, रामप्रकाशचा माहीत आहे, राजमंदिराची कोनशिला कोणी बसविली तेही माहीत आहे. परंतु यंत्रघरात बसून कार्बनच्या कांड्यांमधील अंतर डोळ्यांत तेल घालून राखणारा, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की क्षणाचाही विलंब न लावता दुसरे यंत्र चालू करणारा ऑपरेटर कोण होता? अंधारात बॅटरी घेऊन जागा दाखविणारा कोण होता? शनिवारी रात्रीच्या खेळाला नेमाने येणारी विद्यार्थ्यांची टोळी कोणती होती? वास्तूचा इतिहास लिहिला जातो, बसणाऱ्यांचा लिहिला जात नाही. आणि चित्रगृह तर बसणाऱ्यांनीच होते. रिकामे असताना ते नुसते कोठार.

खुद्द चित्रपटांचीही हीच दशा. जुन्या फिती नायट्रेटच्या, झटकन पेट घेणाऱ्या. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशा कित्येक फिती भस्मसात झाल्या. त्यात प्रभातचाही ठेवा होता. फितीची नक्कल काढून ठेवता येते, आणि काही चित्रपट त्यामुळेच वाचले. प्रेक्षकाच्या आठवणीची नक्कल मात्र कोणी लिहून काढल्याखेरीज होत नाही.

हे काम कोणी करावे? मला वाटते, आपण करावे. बदलीवर फिरणाऱ्या मराठी नोकरदाराजवळ एक गोष्ट असते जी गावकऱ्याजवळ नसते: त्याला गाव नवे दिसते. गावकऱ्याला जे रोजचे म्हणून लिहिण्याजोगे वाटत नाही, ते आपल्या नजरेत भरते. टिपणे ठेवणे हा तर आपला धंदाच आहे. ज्या गावी बदली होईल तेथील सर्वांत जुन्या चित्रगृहात एक संध्याकाळ जाऊन बसावे. मालकाशी नव्हे, ऑपरेटरशी आणि फाटकावरच्या माणसाशी दोन शब्द बोलावे. जुने तिकीट, जाहिरातीचा कागद, खेळांच्या वेळांची पाटी जे दिसेल ते टिपून ठेवावे. पुढील बदलीचा हुकूम येण्यापूर्वी एवढे झाले तरी पुष्कळ. मिर्झा राजांच्या आरशांत एका दिव्याच्या शेकडो ज्योती दिसत. या शहराच्या चित्रगृहांत एका ज्योतीपुढे हजारो चेहरे उजळले. त्यांतील थोड्यांची तरी नोंद कोठेतरी राहिली पाहिजे.