खतांच्या निचऱ्यावर पोसले जाणारे शैवाल
गोड्या पाण्यातील शैवाले सूर्यप्रकाश, पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून आपले अन्न स्वतः तयार करतात. मात्र वाढीसाठी लागणारे नत्र व स्फुरद त्यांना बहुतांशी भोवतालच्या पाण्यातून शोषून घ्यावे लागते. शेतातून वाहून येणारी खते आणि सांडपाणी यांमुळे तलाव व जलाशयांत ही द्रव्ये साचतात.

यांपैकी स्फुरद बहुधा निर्णायक ठरते. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील सरोवर क्रमांक २२६ मध्ये १९७३ साली शास्त्रज्ञांनी पडदा लावून पाण्याचे दोन भाग केले. दोन्हींत कार्बन व नत्र मिसळले, स्फुरद मात्र एकाच भागात. नीलहरित शैवाल त्याच भागात फोफावले.

स्फुरद मुबलक असताना पेशी त्याचा जादा साठा करतात व टंचाईत तो वापरतात. सेंद्रिय पदार्थांत अडकलेले स्फुरद त्या विकरांच्या साहाय्याने मोकळे करतात. ॲनाबिनासारखी काही नीलहरित शैवाले वातावरणातील नत्रही स्थिर करतात.

ही वाढ मानवी आरोग्यासही बाधक ठरू शकते. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातून अमेरिकेतील टोलेडो शहराला होणाऱ्या पुरवठ्यात मायक्रोसिस्टिन हे विष आढळले. सुमारे ४ लाख नागरिकांना नळाचे पाणी न पिण्याचा इशारा देण्यात आला; उकळल्यानेही हे विष नष्ट होत नाही.

तळाशी प्राणवायू संपला की गाळातील लोहाशी बांधलेले स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळते. त्यामुळे बाहेरचा निचरा रोखल्यानंतरही सरोवर सावरण्यास अनेक वर्षे लागू शकतात.