स्कर्व्ही : जुन्या समुद्रप्रवासातला आजार आजही का होतो?

स्कर्व्ही हा ‘क’ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेमुळे होणारा आजार आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात त्याने हजारो खलाशांचे प्राण घेतले. आज तो क्वचित दिसतो, पण संपलेला नाही. पोटभर जेवणाऱ्यालाही तो होऊ शकतो.

जहाजावर काय शिजत असे?

अठराव्या शतकात ब्रिटिश नौदलाच्या खलाशांना कडक बिस्किटे, खारवलेले मांस, वाळलेले वाटाणे, ओट्स, चीज आणि बिअर मिळे. खारे मांस भिजवून बराच वेळ उकळत. पोट भरे, पण ताजी फळे-भाज्या नसल्याने ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नसे. आपले शरीर ते तयार करू शकत नाही. आहारातून ते बंद झाले की एक ते तीन महिन्यांत लक्षणे दिसू लागतात.

ऑक्टोबर १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजे कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाली. आफ्रिकेचा किनारा गाठायला सुमारे तीन महिने लागले. तेवढ्यात साधारण ३० जण दगावले. हिरड्या इतक्या सुजल्या होत्या, की त्यांना खाताही येत नव्हते.

उपाय मिळूनही उशीर का झाला?

१७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरांनी १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबू खाणारे सर्वांत लवकर सुधारले. मात्र पुढे लिंड यांनी सुचवलेला टिकाऊ अर्क रस तापवून, आटवून केलेला होता. उष्णतेने त्यातले बरेचसे ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होई. नौदलात लिंबाचा रस १७९५ पासून नियमित मिळू लागला.

आज कोणाला धोका आहे?

- चहा-बिस्किटे किंवा भातावर दिवस काढणारे एकटे वृद्ध
- मोजकेच पदार्थ खाणारी मुले, विशेषतः स्वमग्न मुले
- अतिमद्यपान किंवा धूम्रपान करणारे
- डायलिसिसवरील आणि आतड्याच्या जुनाट आजाराचे रुग्ण

लक्षणे

थकवा, सांधे व पाय दुखणे, हिरड्या सुजून रक्त येणे, त्वचेवर लाल-जांभळे ठिपके, जखमा न भरणे. लहान मूल पाय दुखतात म्हणून चालायचेच थांबते.

घरी काय कराल?

- रोज एक ताजे फळ द्या. पेरू, संत्रे, आवळा उत्तम. प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे ८० व स्त्रीला ६५ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. एका मध्यम पेरूतून ते सहज मिळते.
- दात नसतील तर पिकलेली पपई द्या किंवा संत्र्याचा ताजा रस काढा.
- भाजी आधी धुवा, मग चिरा. झाकण ठेवून थोड्याच पाण्यात शिजवा आणि ते पाणी फेकू नका.
- वरणात लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

डॉक्टरांना कधी भेटाल?

वरील लक्षणे असतील तर लगेच भेटा. हिरड्यांतून रक्त येण्याची इतर कारणेही असतात, त्यामुळे तपासणी हवीच. रुग्ण रोज काय खातो ते नीट सांगा, कारण निदान अनेकदा तिथेच होते. उपचार सुरू झाल्यावर थकवा व वेदना काही दिवसांतच कमी होतात. पूर्ण बरे व्हायला काही आठवडे ते तीन महिने लागू शकतात.

गोळ्यांचे मोठे डोस स्वतःहून घेऊ नका, त्याने मूतखड्याचा धोका वाढू शकतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास फळे किती खावीत, हेही डॉक्टरांना विचारून ठरवा.