रशिया युरोपात की युरोपाबाहेर?

रशिया हा युरोपचा भाग की स्वतंत्र संस्कृती, हा वाद रशियन विचारविश्वात उघडपणे पेटला तो १८३६ साली. प्योत्र चादायेव या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याचे एक तात्त्विक पत्र ‘टेलिस्कोप’ या नियतकालिकात छापून आले. मानवजातीच्या विचारात रशियाने कसलीच भर घातलेली नाही, असा त्याचा सूर होता. झार पहिल्या निकोलसने नियतकालिक बंद पाडले, संपादकाला हद्दपार केले आणि चादायेवला वेडा ठरवले. सरकारचे उत्तर आधीच तयार होते. ऑर्थोडॉक्स धर्म, झारची निरंकुश सत्ता आणि राष्ट्रीयत्व ही त्रिसूत्री शिक्षणमंत्री उवारोव यांनी १८३३ मध्येच मांडली होती.

पुढच्या काळात खोम्याकोव, किरेयेव्स्की आदी स्लावप्रेमींनी पीटर द ग्रेटच्या आधीचा रशिया आणि तिथली ग्रामसभा यांना आदर्श मानले. बेलिन्स्की, ग्रानोव्स्की हे पश्चिमवादी त्यांच्या विरोधात उभे राहिले. गंमत अशी, की युरोपला नाकारणाऱ्या किरेयेव्स्कीने हेगेल आणि शेलिंग यांची व्याख्याने जर्मनीत जाऊन ऐकली होती.

रशिया युरोपहून वेगळा आहे, या स्लावप्रेमी विचाराला शास्त्राचा साज चढवला निकोलाय दानिलेव्स्की यांनी. ते निसर्गशास्त्रज्ञ, व्होल्गा आणि कास्पियनच्या मासेमारीची पाहणी त्यांनी केलेली. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटन आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने लढले, ही सल रशियात ताजी असताना, १८६९ मध्ये, त्यांचा ‘रशिया आणि युरोप’ हा ग्रंथ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागला. सगळ्या मानवजातीचा एकच इतिहास नसतो. इजिप्त, चीन, भारत, ग्रीस अशा दहा संस्कृती आपापल्या परीने जन्मल्या, वाढल्या आणि त्यांतल्या बहुतेक मावळल्या. आता पाळी स्लाव संस्कृतीची, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेला स्लावसंघ त्यांनी आखला आणि त्यात ग्रीक, रुमानियन व हंगेरियनही घालून टाकले. या लोकांची त्याला संमती आहे का, हा प्रश्न त्यांना फारसा पडलेला दिसत नाही, आणि सिद्धांताचा खरा कच्चा दुवा तोच आहे. तत्त्वज्ञ सोलोव्योव यांनी वेगळाच घाव घातला: ही मांडणी मुळात र्‍यूकर्ट या जर्मन इतिहासकाराची आहे, असा त्यांचा आरोप होता.

क्रांतीनंतर देशाबाहेर पडलेल्या विद्वानांनी १९२१ मध्ये सोफियात युरेशियावादाचा, म्हणजे रशिया हे युरोप आणि आशिया या दोहोंहून वेगळे जग आहे या विचाराचा, पहिला लेखसंग्रह काढला. त्यांच्यापैकी भाषाशास्त्रज्ञ त्रुबेत्स्कोय यांनी तर १९२५ मध्ये रशियन राज्याचा वारसा कीव्हऐवजी चंगीझखानाकडे नेऊन जोडला. मात्र फ्लोरोव्स्की हे त्यांचे मूळ सहकारी १९२८ पर्यंत या पंथाचे टीकाकार झाले होते. भूगोलतज्ज्ञ साव्हित्स्की यांना १९४५ मध्ये सोव्हिएत यंत्रणेने प्रागमध्ये पकडून छावणीत धाडले. स्वतः छावण्या भोगलेल्या इतिहासकार लेव्ह गुमिल्योव यांनी हा धागा पुढे नेला आणि सोव्हिएत संघाच्या अखेरच्या वर्षांत त्यांची पुस्तके लोकप्रिय झाली.

पुढे हीच भाषा सत्ताधाऱ्यांच्या तोंडी आली. पुतिन यांनी जानेवारी २०१२ मधील लेखात रशियाला बहुवांशिक संस्कृती म्हटले. ३१ मार्च २०२३ रोजी मंजूर झालेल्या परराष्ट्र धोरणाच्या दस्तऐवजात रशिया हे ‘संस्कृती-राज्य’ असल्याचे अधिकृतपणे नोंदवले गेले.