ऑनलाइन विक्रेत्याची कायदेशीर कर्तव्ये (भारत)

इंटरनेटवरून वस्तू वा सेवा विकणाऱ्यावर ग्राहकाची वैयक्तिक माहिती व संकेतस्थळावरील अटी यांबाबत कायद्याने घातलेली बंधने. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४३-क मध्ये त्यांचे मूळ आढळते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील ई-वाणिज्य नियम २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. खाजगीपणा मूलभूत हक्क ठरल्यावर (पहा : पुट्टस्वामी खटला) डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ आला, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते.

विक्री-मंचाने तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण महिन्याभरात करावयाचे असते. आधीच खूण केलेल्या चौकटीतून घेतलेली खरेदीची संमती ग्राह्य नाही. २०२३ च्या अधिनियमानुसार माहिती कशासाठी हवी ते आधी कळवावे लागते. ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत (मराठी व कोकणीसह) वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. संमती देण्याइतकेच ती मागे घेणे सोपे हवे. विदा संरक्षण मंडळाकडे दाद मागण्याचा हक्क सोडायला लावणारी संमती तेवढ्यापुरती अवैध ठरते. सुरक्षेतील कसुरीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

अटी एकतर्फी लिहिल्या जात असल्याने ‘अनुचित करार’ ही तरतूद (पहा : ग्राहक आयोग) महत्त्वाची, मात्र अशी तक्रार राज्य वा राष्ट्रीय आयोगाकडेच करता येते, जिल्हा आयोगाकडे नाही.